शिकाऊ वैमानिकाच्या वहीतले शेरे

बारामती, शिरपूर, धुळे किंवा गोंदियाजवळचे बिरसी, या भागात ज्यांची शेती आहे त्यांना डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या लहान विमानांचे आता अप्रूप राहिलेले नाही. भांगलणीला बसलेल्या बायका मानसुद्धा वर करीत नाहीत. एकच विमान त्याच वाटेने दर सहा-सात मिनिटांनी येते, उतरल्यासारखे करते आणि चाके टेकली न टेकली तोच पुन्हा उडते. पाहणाऱ्याला वाटावे, अरे बाबा, एकदाचा उतर तरी!

त्या विमानात शेजारी-शेजारी दोन माणसे बसलेली असतात. एक शिकणारा, एक शिकवणारा. शिकणारे पोर एखाद वेळी आपल्यासारख्याच शेतकरी घरातले असते. तुमची मुलगी अशा शाळेत गेली आहे, असे धरून आपण हा विषय बोलू. कारण पैसा भरून झाल्यावर घरी जे येते ते फक्त फोनवरचे दोन वाक्यांचे वर्तमान. "आज पुन्हा त्याच फेऱ्या मारल्या." "सरांनी अजून एकटीला सोडलं नाही." एवढ्यावरून आबा ठरवतात की पोरीला जमत नाही, आणि आई ठरवते की शाळा पैसे काढते आहे. दोन्ही तर्क बहुधा चुकतात. दुसरा कधीकधी खराही असतो, त्याचे पुढे बघू.

आधी हिशेब समजून घ्या. व्यवसाय म्हणून विमान चालवण्याचा परवाना मिळण्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतले १०० तास तिने स्वतः विमानाची प्रमुख म्हणून करायचे असतात. त्यात २० तास दूरच्या प्रवासाचे, आणि त्यातला एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर पुरते थांबून. शिवाय १० तास बाहेर न पाहता नुसत्या यंत्रांवर भरवसा ठेवून, आणि ५ तास रात्रीचे, ज्यात किमान दहा वेळा उडायचे आणि दहा वेळा उतरायचे. लेखी परीक्षा वेगळ्याच: हवाई नियम, दिशाशोधन, हवामान, विमानाची तांत्रिक माहिती. प्रत्येकीत ७० गुण लागतात. सगळा खर्च आज पन्नास लाखांच्या आगेमागे जातो. त्यासाठी कुणी जमीन तारण ठेवतो, कुणी प्लॉट विकतो. म्हणून या लेखात उपदेश कमी आणि माहिती जास्त असेल.

एक गोष्ट फी भरण्याच्या आधीची. शिकाऊ परवान्याला दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी पुरते, व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाची लागते. डोळ्यांना रंग नीट ओळखता न येणे, हे तरुण वयातही असते आणि घरात कुणाच्या लक्षातही आलेले नसते. तेव्हा पहिल्या वर्गाची तपासणी आधी, मग पैसे. क्रम उलटा करू नका.

आता शेऱ्यांकडे येऊ. प्रत्येक उड्डाणाआधी शिक्षक आज काय करायचे ते फळ्यावर समजावतो आणि उतरल्यावर काय झाले ते बोलतो. लॉगबुकात तारीख, विमान, वेळ अशी नोंद होते. पण खरा मजकूर शाळेकडे असलेल्या प्रगतिपत्रकात असतो. कोणता धडा झाला, कसा झाला, पुन्हा करायचा का. मुलगी सुट्टीला आली की तिला त्यातले शेरे विचारा. ते तुटक असतात. त्यांचा अर्थ आम्ही सांगतो.

पहिल्या दहा तासांत हमखास येणारा शेरा म्हणजे "नजर आत आहे, बाहेर ठेवावी". नव्या शिकणाऱ्याला समोरची घड्याळे मोह घालतात. वेगाचा काटा हलला की ती नाक वर करते, मग उंचीचा काटा हलतो, मग ती नाक खाली करते, आणि विमान लाटेवरच्या होडीसारखे चालते. शिक्षक सांगतो की क्षितिजाकडे बघ, नाक क्षितिजापासून किती खाली आहे ते धर, काटे आपोआप जागेवर येतील. ज्याने कधी पहिले तास सरळ ओढले आहे त्याला हे फोड करून सांगायला नको. फाळाकडे बघून औत हाकणाऱ्याचे तास वाकडेच जाते. पलीकडच्या बांधावरचे झाड धरणाऱ्याचे सरळ येते.

दुसरा शेरा "उजवा पाय!" हा इतका ठरलेला आहे की जगातल्या बहुतेक शाळांतून तो रोज कुणीतरी ओरडत असेल. या लहान विमानांचा पंखा पूर्ण जोरात फिरला की विमानाचे नाक डावीकडे ओढते. जोडीतला एक बैल जास्त ताकदीचा असला की गाडी जशी एका अंगाला जाते, तसे. ते सरळ ठेवायला उजव्या पायाने सुकाणू दाबून धरावे लागते. मोटार चालवणाऱ्याला वळण्यासाठी पाय वापरायची सवय नसते, म्हणून हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. हा शेरा पाच-सहा वेळा आला तर काळजी नको. पन्नास तासांनंतरही येत असेल तर मात्र मुलीला विचारावे.

तिसरा शेरा वाचून घरचे घाबरतात: "स्टॉलचा सराव केला". स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंखाखालून-वरून हवा सुरळीत वाहते तोवर पंख विमानाला उचलून धरतो. नाक फार वर केले आणि हवा पंखाला बेताबाहेरच्या कोनात भिडू लागली, की पंखावरची हवा विस्कटते आणि विमान खाली बसते. उपाय साधा असला तरी मनाविरुद्धचा आहे. विमान पडत असताना नाक आणखी खाली करायचे आणि मग जोर द्यायचा. घाबरलेला माणूस नेमके उलट करतो, दांडी ओढून धरतो. म्हणून हा प्रकार पुरेशा उंचीवर, शिक्षक शेजारी असताना, मुद्दाम घडवून आणतात.

मुद्दाम संकटात नेऊन शिकवण्याची ही पद्धत आली कुठून, तेही ऐकण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शिकाऊ वैमानिक फार मरत. शिक्षक स्वतःच अवघड प्रसंगांपासून दूर राहत आणि पोरांनाही दूर ठेवत. मग एकटे असताना तो प्रसंग आला की पोराला काही सुचत नसे. १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट येथे शाळा काढली. अव्ह्रो ५०४ या दोन बैठकींच्या, दोघांनाही चालवता येणाऱ्या विमानात त्याने विद्यार्थ्याला गिरक्या खाऊ दिल्या आणि त्यातून बाहेर कसे यायचे ते तिथल्या तिथे सांगितले. मोकळ्या विमानाच्या घोंघाटात ऐकू यावे म्हणून तोंडापासून कानापर्यंत नळी लावत. ती नळी पुढे त्या गावाच्याच नावाने ओळखली गेली. आज नळीच्या जागी कानावरचे यंत्र आहे, बाकी पद्धत तीच.

शेजारी बसलेला शिक्षक केव्हाही विमान हातात घेऊ शकतो. "आय हॅव कंट्रोल" असे तो म्हणाला की विद्यार्थ्याने हात-पाय सोडायचे आणि तसे तोंडाने सांगायचे. विमान कुणाच्या हाती आहे याविषयी अर्ध्या क्षणाचाही संशय चालत नाही. शिक्षकाला किती वेळा विमान हाती घ्यावे लागले, यावर बरेच कळते. महिनाभरापूर्वी प्रत्येक उतरणीला घ्यावे लागत होते आणि आता दहांतून एकदा, तर पोरगी पुढे चालली आहे, मग शेरा कितीही कडू असो.

आणि आता उतरणे. सगळी रड इथे आहे. घिरट्या घालणारे ते विमान हाच धडा गिरवत असते. धावपट्टीपासून सुमारे हजार फूट उंचीवरून चौकोनी फेरी घ्यायची, शेवटच्या बाजूला साठ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी एकशे दहा किलोमीटरच्या वेगाने खाली यायचे, आणि जमीन अगदी जवळ आली की नाक हळूहळू उचलत विमानाला जमिनीलगत तरंगू द्यायचे. वेग संपत जातो, मागची दोन चाके आधी टेकतात, मग पुढचे. ऐकायला सोपे. पण उचलायचे केव्हा? "फार वर उचलले" असा शेरा असेल तर विमान चार-पाच फुटांवर वेग संपून दाणकन आपटले, असे समजा. "उशिरा" म्हणजे चाके आपटून उडी घेतली. "फुगले" म्हणजे दांडी एकदम ओढल्यामुळे विमान उतरायचे सोडून पुन्हा वर गेले. या तिन्हींचे मूळ बहुधा एकच असते: नजर नाकासमोरच्या जमिनीवर खिळलेली आहे. जमीन अंगावर धावून येते असे वाटते आणि हात घाई करतो. धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाकडे पाहिले की उंचीचा अंदाज येऊ लागतो. हे शिक्षक शंभरदा सांगतो, आणि एखाद्या सकाळी ते अचानक जमते. का जमले ते पोरीलाही सांगता येत नाही.

एक शेरा मात्र हलका समजू नये: "पुढचे चाक आधी टेकले". पुढचे चाक नाजूक असते, भार मागच्यांनी घ्यायचा असतो. २०११ च्या सुरुवातीला गोव्यात एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाने विमान पुढच्या चाकावर उतरवले. त्याची चौकशी सुरू झाली आणि धागा ओढता-ओढता असे निघाले की वरच्या परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच खोटी होती. मग देशभरच्या वैमानिकांची कागदे तपासली गेली, आणखी काही जण पकडले गेले. ज्या चुकीवर शाळेत शिक्षक ओरडतो, ती चूक पुढे काय उघडे पाडील सांगता येत नाही.

याच्या उलट एक शेरा वाचून आनंद मानावा: "वेळेवर पुन्हा वर गेली". उतरण बिघडते आहे असे दिसताच पूर्ण जोर देऊन पुन्हा फेरीला जाणे, ही कमीपणाची गोष्ट नाही. चांगल्या शिक्षकाच्या नोंदीत ती शाबासकी असते.

उतरण्याच्या या टप्प्यावर बहुतेकांची गाडी काही दिवस अडते. काल तीन चांगल्या, आज सगळ्या वाईट. घरी फोन येतो तो याच दिवसांत. शिक्षणशास्त्रातले लोक याला पठार म्हणतात. चढ संपून सपाट लागते, पुढे पुन्हा चढ असतो. जाणता शिक्षक अशा वेळी तेच तेच घोटत बसत नाही. दोन दिवस दुसरा धडा देतो, किंवा दुसऱ्या शिक्षकाबरोबर एक उड्डाण करायला लावतो. शिक्षक बदलला म्हणजे पोरगी नापास झाली असे मुळीच समजू नका. दुसऱ्याच्या तोंडून तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत आली की कधीकधी कुलूप उघडते. मुलगी सुट्टीत घरी आल्यावर खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून, हात हलवत स्वतःशी बडबडताना दिसली तर तिला वेड लागलेले नाही. फेरीतली प्रत्येक कृती क्रमाने मनात घोळवण्याची ती जुनी रीत आहे, आणि तिला पेट्रोल लागत नाही. धाकट्यांना तेवढा वेळ खोलीबाहेर ठेवा.

मग एक दिवस शिक्षक विमान थांबवायला सांगतो, दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, "जा, एक फेरी मारून ये." हाच तो सोलो. हे आधी सांगून ठरवत नाहीत, निदान पुष्कळ शिक्षक सांगत नाहीत, कारण आदल्या रात्री झोप लागत नाही. शिक्षकाचे वजन कमी झाल्याने विमान रोजच्यापेक्षा लवकर उडते आणि भराभर वर चढते, याची त्याने आधी कल्पना दिलेली असते. अमेरिकेत सोलो झाल्यावर विद्यार्थ्याच्या सदऱ्याची मागची बाजू कापून भिंतीला लावतात. जुन्या विमानांत शिक्षक मागे बसे आणि लक्ष वेधायला सदरा ओढी. आता ओढायचे कारण उरले नाही, असा त्याचा अर्थ. इतर ठिकाणी डोक्यावर बादलीभर पाणी ओततात.

सोलो कुणाला पंधरा तासांत मिळतो, कुणाला पंचवीस लागतात, कुणाला त्याहून जास्त. शेजारच्या गावच्या पोराला किती तासांत मिळाला याची चौकशी करू नका. आणि रोज फोन करून "काय गं, झालं का एकटीचं?" असे तर विचारूच नका. घरच्या घाईपायी पोर शिक्षकाला "मी तयार आहे" सांगू लागते, थकलेली असताना, वारा आडवा असताना. शिक्षक "अजून नाही" लिहितो तेव्हा तो तिच्या आणि जमिनीच्या मध्ये उभा असतो. तेवढी सही त्याला मोकळ्या मनाने करू द्या.

यापुढचा एक धडा आपल्या वाचकांच्या खास ओळखीचा आहे. इंजिन बंद पडल्यास कुठे उतरशील? दूरच्या प्रवासात शिक्षक मध्येच जोर कमी करून हा प्रश्न टाकतो. पंखा ओढत नसला तरी विमान दगडासारखे पडत नाही. तीन हजार फुटांवर असेल तर, वारा नसताना, लहान विमान सुमारे आठ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. तेवढ्यात शेत निवडायचे. उसाचा फड वरून मऊ गादीसारखा दिसतो, पण पिकाचा शेंडा म्हणजे जमीन नव्हे; त्यात शिरलेले विमान उलटते. ताजी नांगरट असेल तर सरीच्या दिशेने उतरावे, आडवे नाही. ढेकळांत पुढचे चाक रुतते. काढणी झालेले ज्वारीचे किंवा हरभऱ्याचे रान उत्तम, पण बांध किती अंतरावर आहे ते पाहावे. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. वारा कुठला, ते चुलीच्या धुरावरून, तळ्यातल्या पाण्यावरच्या रेघांवरून, उभ्या गव्हाच्या लाटेवरून ओळखायचे. शहरातल्या पोराला हे शब्दशः शिकवावे लागते. तुमच्या मुलीला यातले निम्मे घरूनच येते. या धड्यात तिचा शेरा चांगला असेल, असे आम्हाला खात्रीने वाटते.

हे नुसते पुस्तकी नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटी निघालेली एक शिकाऊ मुलगी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात विमानासह शेतात कोसळली. विमान मोडले, ती किरकोळ जखमांवर वाचली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली आणि सरकारने त्या शाळेचे काम थांबवले. तुमच्या शिवारात कधी असे विमान उतरले, तर माणसांना वाचवा, पण विडी विझवा. पंखांत पेट्रोल असते. थांबलेल्या पंख्यालाही हात लावू नका, आणि ११२ वर फोन करा.

शाळा पैसे काढते आहे का, तो प्रश्न राहिला होता. त्याची खूण कडक शेऱ्यांत नसते. प्रत्येक उड्डाणापुढे नुसते "चांगले" लिहिलेले असेल, कुठे काय चुकले याचा मागमूस नसेल, तर आम्हाला ती वही संशयास्पद वाटते. दोनशे तासांत कुणाचेही सगळे चांगले जात नाही. दुसरे, महिन्याला किती तास उडणे झाले ते विचारा. पावसाळ्यात ढग आणि वाऱ्यामुळे कमी भरते, उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या हवेत विमान चढत नाही आणि हिसके खाते, म्हणून सकाळचेच तास मिळतात. हे समजण्यासारखे आहे. पण डिसेंबरच्या स्वच्छ हवेत तीन-तीन आठवडे विमान दुरुस्तीत आहे आणि शिक्षक जागेवर नाही, असे उत्तर येत असेल तर आबांनी स्वतः एस.टी.ने जाऊन मुख्य प्रशिक्षकाला भेटावे. खंड पडला की हात विसरतो, मग झालेलेच धडे पुन्हा पैसे देऊन करावे लागतात. भेटल्यावर "मुलगी कशी आहे?" असे मोघम विचारू नये. "तिचा आत्ताचा अडसर कोणता, आणि त्यावर पुढच्या पाच तासांत काय करणार?" असे विचारावे. ज्या शिक्षकाला याचे उत्तर तोंडावर देता येते तो तिच्याकडे लक्ष देतो आहे.

तपासणीची यादी वाचली नाही, असा शेरा असल्यास मात्र मुलीची बाजू घेऊ नका. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचे त्या काळातले सर्वांत नवे मोठे विमान उडता-उडताच पडले. शेपटीकडचे सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेली अडण काढायची राहिली होती. चालवणारे अनुभवी होते. तेव्हापासून उड्डाणापूर्वी यादी हातात धरून एकेक गोष्ट तपासायची रीत पडली. शिकाऊ विमानाच्या दांडीलाही अशीच खिटी असते.

मुली या कामात मागे पडतात अशी शंका कुणी काढली तर एक नाव सांगा. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कलकत्त्याहून सिल्चरला फोकर फ्रेंडशिप विमान नेले. केवळ स्त्रियांनी चालवलेले इंडियन एअरलाइन्सचे ते पहिले उड्डाण.

शेवटची एक विनंती. दूरच्या एकटीच्या प्रवासाची परवानगी मिळाली की गावाकडून फोन जातो, "आपल्या घरावरून एक चक्कर मार ना, आजीला बघायचंय." मारू नये आणि मारायला सांगू नये. आखलेली वाट सोडणे हा नियमभंग तर आहेच, पण खरी गोम अशी की घर ओळखायला ती खाली येते, आजी दिसावी म्हणून विमान तिरके करून वळते, मान मागे, नजर अंगणात, आणि वेग केव्हा कमी झाला ते कळत नाही. वर सांगितलेला स्टॉल तिथे घडला तर नाक खाली करायला उंचीच नसते. आजीला बघायचेच असेल तर एखाद्या रविवारी सकाळी विमानतळाच्या कुंपणाशी घेऊन जा. फेऱ्या तिथे चालूच असतात. विमानाच्या अंगावर व्ही.टी. या अक्षरांनी सुरू होणारे नाव असते, पोरगी कोणत्या विमानात आहे ते आधी विचारून ठेवा.